एला फ्लॅग यंग : शिकागोच्या शाळांची सूत्रे हाती घेणारी स्त्री

सन १९०९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील शिकागो शहराचे शिक्षण मंडळ एका पेचात सापडले होते. नऊ वर्षे शहरातील सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणारे अधीक्षक एडविन कूली यांनी राजीनामा दिला होता आणि त्यांच्या जागी कोणाला नेमावे, यावर मंडळाच्या एकवीस सदस्यांचे कित्येक महिने एकमत होत नव्हते. हे पद सामान्य नव्हते. शिकागोची लोकवस्ती बावीस लाखांच्या घरात गेली होती. पोलंड, बोहेमिया, इटली, रशिया, जर्मनी अशा देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले एकाच वर्गात शेजारी बसत होती. शाळांतून सुमारे तीन लाख मुले शिकत आणि सहा हजारांच्या आसपास शिक्षक शिकवीत. शिक्षकांत बहुसंख्या स्त्रियांची होती. अधीक्षकाच्या खुर्चीवर मात्र तोपर्यंत एकही स्त्री बसलेली नव्हती, आणि शिकागोतच काय, अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या शहरात बसलेली नव्हती. जुलै महिन्याच्या अखेरीस मंडळाने सर्व पुरुष उमेदवारांना बाजूला सारून चौसष्ट वर्षांच्या एका विधवा शिक्षिकेची निवड केली. त्यांचे नाव एला फ्लॅग यंग.

एला यांचा जन्म १५ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला. वडील थिओडोर फ्लॅग हे धातूच्या पत्र्याचे काम करणारे कुशल कारागीर होते. मुलगी प्रकृतीने नाजूक, म्हणून तिला शाळेत घालण्याऐवजी मोकळ्या हवेत वाढवावे असे आईने ठरविले. त्यामुळे वयाची आठ-नऊ वर्षे होईपर्यंत पुढे शिकागोच्या शाळांची प्रमुख होणाऱ्या या मुलीला अक्षरओळखही नव्हती. एके दिवशी एका शाळेतील भीषण दुर्घटनेची बातमी आईने वर्तमानपत्रातून वाचून दाखविली. मुलीने ते वर्तमानपत्र मागून घेतले आणि ऐकलेला मजकूर आठवीत एकेका शब्दावर बोट ठेवून ती आपली आपणच वाचावयास शिकली. ही हकीकत चरित्रकारांनी आवडीने सांगितली आहे. तिच्यात थोडीफार भर पडली असेलही; परंतु शिक्षण म्हणजे बाहेरून आत ओतावयाची वस्तू नव्हे, ही जी धारणा यंगबाईंनी जन्मभर बाळगली, तिचे मूळ त्या वर्तमानपत्रात शोधावयास हरकत नाही.

सन १८५८ मध्ये फ्लॅग कुटुंब शिकागोला आले. पंधराव्या वर्षी एला शिक्षकाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, पण वय लहान म्हणून त्यांना नोकरी मिळाली नाही. त्या अध्यापक विद्यालयात दाखल झाल्या. आईला मात्र हा बेत पसंत नव्हता. मुलीला मुलांचा लळा नाही, तिच्या स्वभावात शिक्षकाला लागणारा जिव्हाळा नाही, असे आईचे स्पष्ट मत होते. आईच्या बोलण्याने रुसून न बसता एला ओळखीच्या एका शिक्षिकेच्या वर्गात जाऊन बसू लागल्या आणि आपल्याला हे काम जमेल की नाही, याची परीक्षा त्यांनी स्वतःच घेतली. १८६२ साली, सतराव्या वर्षी, त्यांना पहिली नेमणूक मिळाली. वर्गात गावाबाहेरच्या माळावर गुरे राखणारी, बाईंपेक्षा अंगापिंडाने थोराड मुले होती. असा वर्ग नवख्या शिक्षिकेच्या गळ्यात बांधण्याची रीत सर्वच देशांत दिसते. एला यांनी तो वर्ग निभावला.

त्यानंतरची पंचवीस वर्षे थोडक्यात सांगता येतात. १८६५ मध्ये, म्हणजे अवघ्या विशीत, अध्यापक विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना पाठ देण्याचा सराव करविणाऱ्या शाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८६८ मध्ये विल्यम यंग या व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. १८७३ मध्ये वैधव्य आले. त्याच सुमारास माहेरची माणसेही एकेक करून गेली. पुढे संसार असा राहिला नाही. शाळा हेच घर झाले. १८७६ पासून त्या मुख्याध्यापिका होत्या आणि १८८७ मध्ये त्यांना साहाय्यक अधीक्षकाचे पद मिळाले.

साहाय्यक अधीक्षकाच्या त्या बारा वर्षांतच यंगबाईंच्या विचाराला आकार आला. शहर झपाट्याने वाढत होते आणि शाळांचा कारभार एखाद्या कारखान्यासारखा होत चालला होता. वरून हुकूम सुटत, खाली त्यांची तामिली होई. काय शिकवावे, कसे शिकवावे, किती दिवसांत संपवावे, हे वर्गात कधी न गेलेली माणसे ठरवीत. यंगबाई आपल्या विभागातील शिक्षकांच्या बैठका भरवीत आणि त्यांत शिक्षकांनाच बोलावयास लावीत. १८९८ मध्ये बेंजामिन अँड्र्यूज हे अधीक्षक झाले. ते एका विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. सर्व सत्ता एका हाती असावी या मताचे. दोघांचे जमणे शक्यच नव्हते. १८९९ मध्ये यंगबाईंनी राजीनामा दिला. शिक्षकांनी पुष्कळ गळ घातली, पण त्यांनी तो मागे घेतला नाही.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी नोकरी सोडलेल्या या स्त्रीने पुढे काय केले? त्या विद्यार्थिनी झाल्या. १८९५ पासूनच त्या शिकागो विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या व्याख्यानांना बसत होत्या. आता त्यांनी पूर्ण वेळ अभ्यास करून १९०० मध्ये पीएच.डी. पदवी मिळविली. शाळेतील तुटलेपण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. शाळेतील प्रत्येक थर दुसऱ्यापासून तुटला आहे. अधिकारी मुख्याध्यापकापासून, मुख्याध्यापक शिक्षकापासून, शिक्षक मुलापासून. आणि ज्याला स्वतःला विचार करण्याचे स्वातंत्र्य नाही तो शिक्षक मुलांना विचार करावयास कसा शिकविणार, असे त्यांचे प्रतिपादन होते. ड्यूई यांच्यापेक्षा त्या वयाने चौदा वर्षांनी मोठ्या होत्या. गुरूने शिष्येकडून किती घेतले, याची कबुली पुढे ड्यूई यांनी मोकळेपणाने दिली. लोकशाही आणि शिक्षण यांचा संबंध ड्यूई यांनी जगापुढे मांडला खरा, पण शाळेच्या आवारात तो कसा दिसतो हे त्यांना यंगबाईंनी दाखविले, असे म्हणावयास आधार आहे. विद्यापीठाच्या प्रायोगिक शाळेतही त्यांनी काम केले. १९०४ मध्ये ड्यूई शिकागो सोडून गेले तेव्हा त्याही बाहेर पडल्या. १९०५ मध्ये शहराच्या अध्यापक विद्यालयाच्या प्रमुख म्हणून त्या परत आल्या. ज्या विद्यालयात त्या घडल्या, त्याच विद्यालयातून त्या आता इतरांना घडविणार होत्या.

आता १९०९ च्या पेचाकडे वळावे. शिकागोच्या शिक्षण मंडळाचे सदस्य शहराचा महापौर नेमीत असे आणि मंडळ अधीक्षकाची निवड करीत असे. त्यामुळे या निवडीत शहराचे सारे राजकारण उतरे. एका बाजूला व्यापारी व उद्योगपती होते. त्यांना काटकसरीचा आणि कडक शिस्तीचा कारभार हवा होता. दुसऱ्या बाजूला १८९७ मध्ये स्थापन झालेला शिक्षकांचा संघ होता. त्याच्या पुढारी मार्गारेट हेली आणि कॅथरिन गॉगिन यांनी, शाळांसाठी पैसा नाही म्हणून पगार रोखले जात असताना, शहरातील बड्या कंपन्या कर चुकवीत आहेत हे न्यायालयात सिद्ध करून दाखविले होते. हा संघ कामगार संघटनांशीही जोडला गेला होता. कूली यांच्या काळात शिक्षकांना गुप्तपणे गुण देण्याची पद्धत होती. आपल्याला किती गुण मिळाले आणि का, हे शिक्षकाला कळतच नसे. त्यावरून असंतोष धुमसत होता. अशा वेळी बाहेरचा माणूस आणावा तर त्याला शहर कळावयासच दोन वर्षे लागणार, आणि आतला आणावा तर तो कोणत्या तरी गटाचा असणार. यंगबाई कोणत्याच गटाच्या नव्हत्या. शहरातील शेकडो शिक्षिका त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि सत्तेचाळीस वर्षांत शाळांतील बहुतेक सर्व पायऱ्या त्या चढल्या होत्या. मंडळाने त्यांना निवडले ते स्त्रियांविषयीच्या उदार दृष्टीमुळे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. दुसरा कोणी सर्वांना चालत नव्हता, हेच कारण अधिक खरे.

वार्षिक वेतन दहा हजार डॉलर ठरले आणि वर्तमानपत्रांना तेवढे पुरले. योगायोग असा, की बडोद्यात सयाजीराव महाराजांनी संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले त्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. शाळा कोणाच्या हाती असावी हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत जगभर उभा होता.

यंगबाईंनी अधिकार हाती घेताच शिक्षकांच्या सल्लागार सभांना मान्यता दिली, पगार वाढविले, हस्तव्यवसाय व गृहविज्ञान यांना अभ्यासक्रमात अधिक वाव दिला. १९१० मध्ये बॉस्टन येथे राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या अधिवेशनात नामनिर्देशन समितीने अध्यक्षपदासाठी दुसरेच नाव सुचविले असता, सभासदांनी सभागृहातच मतदान मागून यंगबाईंना निवडून दिले. त्या संघटनेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष.

पण हा सुखाचा काळ फार टिकला नाही. मंडळातील सदस्य बदलत गेले. पाठ्यपुस्तकांची खरेदी, नेमणुका यांत सदस्यांची ढवळाढवळ वाढली. माध्यमिक शाळांत मुलामुलींसाठी डॉक्टरांची लैंगिक आरोग्यावरील व्याख्याने ठेवल्यामुळे धार्मिक मंडळी नाराज झाली. जुलै १९१३ मध्ये कंटाळून त्यांनी राजीनामा पाठविला. नगरातील स्त्रीसंस्था उठल्या आणि मंडळाने तो नामंजूर केला. त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी अधीक्षकाच्या निवडीसाठी गुप्त मतदान झाले. यंगबाईंना आवश्यक बहुमत मिळत नाही असे दिसताच त्यांनी आपले नाव मागे घेतले आणि त्यांचेच साहाय्यक जॉन शूप निवडून आले. उघडपणे जे बोलण्याचे धैर्य नव्हते ते बंद चिठ्ठीने करून घेतले गेले.

परंतु मंडळाचा हिशेब एका ठिकाणी चुकला. त्याच वर्षी जून महिन्यात इलिनॉय राज्यातील स्त्रियांना नगरपालिकेच्या निवडणुकांत मतदानाचा अधिकार मिळाला होता. आतापर्यंत ज्यांची नाराजी कोणी मोजत नव्हते त्यांच्या हाती आता मत होते. मोठी निषेधसभा भरली. महापौर कार्टर हॅरिसन यांनी मंडळातील काही सदस्यांना नेमतानाच त्यांच्याकडून तारीख न घातलेले राजीनामे घेऊन ठेवले होते; ते त्यांनी आता कपाटातून काढले आणि मंजूर केले. नव्या मंडळाने डिसेंबर संपण्यापूर्वीच यंगबाईंना पुन्हा पदावर बसविले. विजय मोठा होता, पण त्याचे साधन फारसे निर्मळ नव्हते. सल्लामसलतीने कारभार चालावा म्हणून आयुष्य वेचलेल्या स्त्रीला महापौराच्या हुकुमाने परत यावे लागले, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनी फारशी बोलून दाखविली नाही.

पुढची दोन वर्षे कष्टाचीच गेली. १९१५ मध्ये मंडळाचे अध्यक्ष जेकब लोब यांनी शिक्षकांना संघाचे सभासद होण्यास बंदी करणारा नियम करून घेतला. यंगबाईंच्या साऱ्या कामावर हा घाव होता. वर्ष संपताना, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्या निवृत्त झाल्या. शूप यांना ते पद आता रीतसर मिळाले.

कॅलिफोर्नियात जाऊन विश्रांती घ्यावी, असा बेत होता. पण पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरताच युद्धकर्ज उभारणाऱ्या स्त्रियांच्या समितीचे काम त्यांनी पत्करले आणि प्रवास सुरू केला. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली होती. त्या साथीत वॉशिंग्टन येथे २६ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांचा अंत झाला. शिकागोच्या शाळांच्या अधीक्षकपदी त्यांच्यानंतर कायम नेमणुकीने दुसरी स्त्री आली ती १९८१ साली. तिचे नाव रूथ लव्ह.