कार्सनबाई आणि आमची कणगी

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे, माझे आजोळ होते. काळी जमीन, तीत कापूस आणि ज्वारी. पावसाळ्यापूर्वी कणगी भरताना आजी ज्वारीत बीएचसीची भुकटी मिसळीत असे. किडे मरत, आम्ही मुले मात्र हसतखेळत असू. तेवढ्यावरून ती भुकटी निरुपद्रवी ठरली होती. हैदराबादेस संसार मांडल्यावर मीही काही वर्षे हाच क्रम चालविला, हे कबूल केले पाहिजे. जे मारीत नाही ते बाधत नाही, ही माझी समजूत दूर केली ती रेचेल कार्सन यांच्या चरित्राने.

कार्सनबाईंचा जन्म 27 मे 1907 रोजी अमेरिकेतील स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची गरिबी होती, पण आईने लेकीला पाखरांची आणि झाडांची ओळख करून दिली. लेखिका व्हावयाचे म्हणून कॉलेजात गेलेल्या बाई जीवशास्त्राकडे वळल्या आणि 1932 साली एम. ए. झाल्या. 1935 साली वडील वारले, तेव्हा घराचा भार त्यांच्यावर आला. पुढच्याच वर्षी त्यांनी सरकारी मत्स्यखात्यात नोकरी धरली. बहीण गेल्यावर तिच्या दोन मुलींचे त्यांनी पाहिले. 1951 साली समुद्रावरील ग्रंथाने नाव झाले. 1957 साली त्यांतली एक भाची वारली, तेव्हा तिच्या पाच वर्षांच्या पोरक्या मुलाला पन्नाशीच्या बाईंनी पदरात घेतले.

1958 साली एका मैत्रिणीचे पत्र आले. डासांसाठी डीडीटी फवारल्यावर तिच्या अंगणातील पाखरे मरून पडली होती. बाईंनी त्यावर चार वर्षे खपून ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिले. मध्येच, 1960 साली, स्तनाचा कर्करोग उघडकीस आला. विरोधकांना निमित्त मिळू नये म्हणून त्यांनी तो लपविला. 1962 साली पुस्तक निघताच कारखानदार तुटून पडले. बाई डगमगल्या नाहीत. 1963 साली त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. 14 एप्रिल 1964 रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली ती 1972 साली.

मेलेली पाखरे सर्वांना दिसतात. बाईंची नजर त्यापुढे गेली होती. ही विषे यकृत बिघडवून शरीरातील संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, तोल ढळवीत असतील, हा धोका त्यांनी पुस्तकात मांडला. 1950 सालीच अमेरिकेतील एका प्रयोगात डीडीटी टोचलेल्या कोवळ्या कोंबड्यांचे तुरे आणि वृषणे खुंटलेली आढळली होती. पुढे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे दिसून आले. डीडीटीपासून बनणारा एक पदार्थ पुरुषी हार्मोनच्या कामात अडथळा आणतो, हे 1995 साली सिद्ध झाले.

आपल्याकडे ही विषे अन्नातून घरात आली. 1993 सालच्या एका सरकारी पाहणीत बारा राज्यांतील गाईम्हशींच्या दुधाचे 2205 नमुने तपासले, त्यांपैकी सुमारे 82 टक्क्यांत डीडीटीचा अंश सापडला. हे विष चरबीत साठते आणि चाऱ्यातून दुधात उतरते. केरळात कासरगोडच्या काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारीत. तेथील मुलगे वयात येण्याची लक्षणे उशिरा दाखवितात, असे 2003 सालच्या अभ्यासात आढळले. मुले जिवंत होती, चालतीबोलती होती. आमच्या कणगीच्या हिशेबाने ती सुखरूपच! एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली ती 2011 साली.

शेतीतील डीडीटी 1989 साली आणि बीएचसी 1997 साली आपल्याकडे बंद झाले. आजी गेली, कणगीही गेली. आता ज्वारी कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून डब्यात ठेवते. एखादे वेळी किडा निघतो. नातवासाठी भाकरी थापण्यापूर्वी पीठ दोनदा चाळावे लागते. तेवढा त्रास मी आनंदाने घेते.