न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि आपल्या मुलांचे गणित



बोरीबंदर स्टेशनातून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून आपण बाहेर पडलात की समोर घुमटांची एक जुनी दगडी इमारत दिसते. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा होय. आपल्यापैकी कित्येकांचे तिच्यासमोरून रोजचे जाणे-येणे असेल. परंतु ती उभी करण्यासाठी कोण झिजले, असे वर्गात विचारले तर मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून यंदा मरहूम बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र थोडक्यात आपल्यापुढे ठेवीत आहे. मी गणित शिकवतो, तेव्हा ते गणिताच्या शिक्षकाच्या नजरेने लिहिले गेले तर आपण समजून घ्याल.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. वडील तय्यबअली हे खंबायतच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले व्यापारी. बद्रुद्दीन प्रथम दादा मखबा यांच्या मदरशात उर्दू व फारसी शिकले. पुढे वडिलांनी त्यांना एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये घातले. इंग्रजी शिकला की मुलगा धर्माला मुकेल, अशी भीती त्या काळी घरोघरी होती. तय्यबअलींनी मदरसा आणि इंग्रजी शाळा यांत एकाची निवड केली नाही. त्यांनी मुलाला दोन्ही दिले.

1860 साली बद्रुद्दीन इंग्लंडला गेले. तिथे त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि 1864 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. विद्यार्थी मित्रांनो, एका परीक्षेत गुण कमी पडले म्हणून आपण वही बंद करता, तेव्हा हे आठवा. 1865 मध्ये ते पुन्हा गेले आणि 1867 साली बॅरिस्टर होऊनच आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे पहिले हिंदी सॉलिसिटर.

वकिलीत जम बसल्यावर पैसा आला, मान आला. 1873 पासून ते मुंबई महापालिकेचे सभासद होते. पुढे कायदे कौन्सिलात आणि विद्यापीठाच्या सिनेटमध्येही त्यांनी काम केले. जिकडे पाहावे तिकडे हिंदू आणि पारशी तरुण पदव्या घेऊन पुढे येत होते. आपली मुले मात्र मक्तबातून उठून थेट दुकानात किंवा गोदीत जात होती. हुशारीत ती कमी नव्हती. दीनी तालीम आणि अंकगणित, इंग्रजी एकाच छपराखाली मिळेल अशी शाळाच त्यांच्यासाठी नव्हती.

म्हणून 1874 साली कमरुद्दीन, बद्रुद्दीन, कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा महंमदअली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. बोहरा, कोकणी, मेमन असे सारे एका संस्थेत आणायचे, हे काम सोपे नव्हते. 1880 साली बाबुला टँकजवळ शाळा सुरू झाली. तिथे कुराण आणि उर्दूबरोबर सरकारी शाळांतले विषयही शिकवले जाऊ लागले. 1882 च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला, तेव्हा अंजुमनची शाळा सुरू होऊन दोन वर्षे झाली होती.

आता शाळेच्या व्यवस्थापनाकडे पाहा. बद्रुद्दीन आधी संस्थेचे चिटणीस होते, मग अध्यक्ष झाले, आणि अखेरपर्यंत अध्यक्ष राहिले. समाजाकडून वर्गणी, सरकारकडून व महापालिकेकडून अनुदान, असा पैसा उभा करायचा तर हिशेब चोख लागतो आणि शाळा तपासणीत उतरावी लागते. 1890 साली बोरीबंदरसमोरच्या इमारतीची कोनशिला बसली आणि 1893 मध्ये शाळा तिथे आली. कोनशिलेपासून प्रवेशापर्यंत तीन वर्षे लागली, पण त्याआधीची सोळा वर्षे बैठका, अर्ज आणि पावतीपुस्तके यांतच गेली होती.

देशाचे कामही चालूच होते. 1887 साली मद्रास येथे भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला विरोध होता आणि दोघांचे मतभेद उघड होते. तरीही सर सय्यद यांनी सुरू केलेली शिक्षण परिषद 1903 मध्ये मुंबईत भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी बद्रुद्दीनच होते. राजकारणातला मतभेद त्यांनी शाळेच्या दारात आणला नाही. त्या परिषदेत त्यांनी कडक पडद्याविरुद्ध मत मांडले. स्वतःच्या मुलींना त्यांनी शिकवले आणि दोघींना इंग्लंडलाही पाठवले. मुलींना गणित कशाला, असे मला आजही विचारणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे.

1895 साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. 1902 मध्ये हंगामी मुख्य न्यायमूर्ती होण्याचा मान त्यांना मिळाला. 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

बद्रुद्दीन काही गणिती नव्हते. मग मी गणिताचे नाव का घेतो? माझ्या वर्गातला एक मुलगा संध्याकाळी वडिलांबरोबर फुले मंडईत फळे विकतो. 120 रुपये किलोची पावणेदोन किलो सफरचंदे म्हटली की 210 रुपये हे उत्तर त्याच्या ओठांवर तयार असते. तेच मी फळ्यावर सात-चतुर्थांश गुणिले 120 असे लिहिले की तो मान खाली घालतो. त्याला गणित येते, फळ्यावरचे गणित आपलेच आहे हे त्याला कुणी सांगितलेले नाही. मीही पहिली काही वर्षे ते सांगितले नाही, ही माझी चूक मी कबूल करतो.

जकात काढायची म्हणजे चाळिसावा हिस्सा काढायचा. 80,000 रुपयांवर 2,000. वारसाची वाटणी तर पुरा अपूर्णांकांचा धडा आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसाच्या वाटणीच्या उदाहरणांनीच भरला आहे. दीन आणि गणित एकाच छपराखाली नांदू शकतात, हे बद्रुद्दीन यांनी शाळा काढून दाखवले. एकाच तासाला ती दोन्ही कशी शिकवायची, हे आता आम्हा शिक्षकांचे काम आहे.

परंतु एकट्या शिक्षकाने ते होत नाही. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना असे आढळले आहे की, शाळेचे प्रमुख कार्यालयात न बसता वर्गातल्या शिकवण्यात लक्ष घालतात आणि शिक्षकांबरोबर स्वतः शिकतात, तिथे मुलांच्या प्रगतीवर त्याचा परिणाम अधिक दिसतो. आमच्या समाजाच्या संस्थांत इमारतीची, रंगकामाची, सत्कारांची चर्चा पुष्कळ होते. सातवीच्या किती मुलांना अपूर्णांक येत नाहीत, हा विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतो. तो यावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

पालकहो, पुढच्या पालकसभेला आपण अवश्य या. फी आणि गणवेश यांबद्दल विचाराच, पण या महिन्यात गणितात काय शिकवले, माझ्या मुलाला त्यातले किती आले, हेही विचारा. रात्री दुकानाचा हिशेब करताना मुलाला, आणि मुलीलाही, शेजारी बसवा आणि वही तिच्या हाती द्या. बद्रुद्दीन तय्यबजींच्या आठवणीसाठी याहून वेगळा समारंभ नको.