शेजारच्या नायगावच्या सावित्रीबाई अन् शिकून लिहिती झालेली मुक्ता

भोर : आपल्या तालुक्याशेजारी, खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी शिकवलं, अन् १८४८ पासून त्या पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. लोक अंगावर शेण टाकायचे; त्या जादा लुगडं सोबत न्यायच्या, शाळेत बदलून शिकवायच्या.

फुले दांपत्याच्या शाळेत मांग समाजातली मुक्ता साळवे शिकली. १८५५ मध्ये, चौदाव्या वर्षी तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला.

प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या.

भोर-वेल्ह्याच्या वाडीवस्तीवर पोरीची शाळा सोडवायचं कुणाच्या मनात असेल, तर आधी तिच्या बाईंशी, गुरुजींशी एकदा बोला.