डॉक्टर होसे रिझाल : मातृभूमीचा पुत्र व जगाचा शेजारी

आशिया खंडाचा नकाशा उघडून चीनच्या दक्षिणेस दृष्टि टाकली असतां, माळ तुटून मणी विखुरावे तशीं समुद्रांत पसरलेलीं असंख्य बेटें दिसतात. तीं फिलिपाइन बेटें होत. त्यांची संख्या सात हजारांहून अधिक आहे. मनिला ही राजधानी, नारळ व ज्याचे दोर वळतात तो अबाका हीं तेथील पिकें, एवढें पाठ करून आमचे विद्यार्थी भूगोलाचें पुस्तक मिटतात. परंतु कोणत्याहि देशाची खरी संपत्ति त्यांतील मनुष्यांच्या स्वभावांत असते, आणि ती नकाशावर दिसत नाहीं. म्हणून यंदा आम्ही त्या बेटांतील एका थोर पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं त्या लोकांच्या टागालोग भाषेंतील तीन शब्द समजून घेतले पाहिजेत. पहिला ‘काप्वा’. दुसरा मनुष्य परका नव्हे, तो माझ्यासारखाच आहे, त्याचें सुखदुःख तें माझेंच, अशी जी जाणीव ती या शब्दांत सांठविली आहे. दयाळू शोमरोन्याची गोष्ट ज्यांनीं ऐकली आहे त्यांस ‘शेजारी’ या शब्दाचा जो अर्थ ठाऊक आहे, त्याच्या अगदीं जवळ जाणारा हा शब्द होय. दुसरा ‘उतांग ना लोओब’, म्हणजे अंतःकरणाचें ऋण. पैशानें न फिटणारें, जन्मभर स्मरावयाचें. तिसरा ‘बायानिहान’. खेड्यांतील एखाद्या कुटुंबास घर हलवावयाचें असलें म्हणजे शेजारीपाजारी जमून बांबूचें तें सबंध घर वाशांवर उचलीत व खांद्यांवरून नवीन जागीं नेऊन ठेवीत. मजुरी कोणी मागत नसे. आपल्या शेतकऱ्यांची इरजीक ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ही चाल ओळखीची वाटेल. हे गुण गांवापुरते राहिले तर चांगलें गांव होतें. तेच सर्व जगास लाविले तर काय होतें, हें डॉक्टर होसे रिझाल यांच्या आयुष्यांत दिसून येतें.

रिझाल यांचा जन्म लुझोन बेटावरील कलांबा या गांवीं ता. १९ जून १८६१ रोजीं झाला. अकरा भावंडांत होसे सातवा. वडील फ्रान्सिस्को मर्कादो हे डोमिनिकन धर्मसंघाची जमीन खंडानें करीत. आई तेओदोरा आलोन्सो ही त्या काळीं क्वचितच आढळणारी सुशिक्षित स्त्री होती. तिनेंच मुलास अक्षरओळख करून दिली. एके रात्रीं दिव्यापाशीं बसून ती त्याला एका पतंगाची गोष्ट वाचून दाखवीत होती. ज्योतीजवळ जाऊं नको असें आईनें बजाविलें असतांहि तरुण पतंग तिच्यावर झेप घेतो व मरतो, अशी ती गोष्ट. मुलानें आज्ञा मोडूं नये हा बोध आईच्या मनांत होता; परंतु मुलाचे डोळे पुस्तकाकडे नव्हतेच, ते दिव्याभोंवतीं फिरणाऱ्या खऱ्या पतंगांकडे लागले होते. प्रकाशासाठीं मरणाऱ्या त्या जीवांविषयीं त्याला दोष देण्यासारखें कांहीं वाटेना. ही आठवण त्यांनीं मोठेपणीं स्वतः लिहून ठेविली आहे.

त्या वेळीं या बेटांवर स्पेन देशाचें राज्य होतें. राज्याधिकारी येत व जात. परंतु जमिनी, शाळा व ग्रंथांची परवानगी यांवर धर्मसंघांचा हात कायम असे. होसे दहा-अकरा वर्षांचा असतां त्याच्या आईवर विषप्रयोगाचा खोटा आरोप आला. तिला सांताक्रुझपर्यंत पायीं चालवीत नेलें, आणि सुमारें अडीच वर्षें तुरुंगांत ठेवून मग निर्दोष म्हणून सोडून दिलें. त्याच सुमारास, ता. १७ फेब्रुवारी १८७२ रोजीं, गोमेझ, बुर्गोस व झामोरा या तिघां देशी धर्मगुरूंस बंडाच्या संशयावरून मनिला येथें देहान्त शिक्षा झाली. होसेचा वडील भाऊ पासियानो हा त्यांपैकीं बुर्गोस यांचा शिष्य. घरांत त्या रात्रीं काय बोलणें झालें असेल याची वाचकांनीं कल्पना करावी. क्रुसाचें चिन्ह धारण करणाऱ्यांच्या हातून असें घडलें हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. परंतु सत्य झांकून धर्माची प्रतिष्ठा वाढत नसते. आणि हेंहि खरें कीं, होसेला मनिला येथें ज्या येशूसंघाच्या पाद्र्यांनीं शिकविलें त्यांनीं प्रेमानेंच शिकविलें, व त्यांचे उपकार तो कधीं विसरला नाहीं. दुष्टपणाचा द्वेष करीत असतां सर्व जातीचा द्वेष करूं नये, हा धडा त्याला लहानपणींच मिळाला.

आईची दृष्टि मंद होऊं लागली होती. नेत्रवैद्य व्हावें हा निश्चय करून होसे ता. ३ मे १८८२ रोजीं स्पेनला निघाला. आईबापांस ही गोष्ट आधीं कळविली नव्हती. पासियानोनें शेती संभाळून त्याचा परदेशांतील खर्च चालविला. माद्रिद येथें वैद्यक, तत्त्वज्ञान व वाङ्मय यांचा अभ्यास करून रिझाल पॅरिसला व तेथून जर्मनींतील हायडेलबर्ग येथें नामांकित नेत्रवैद्यांपाशीं गेले. हायडेलबर्गजवळच्या विल्हेल्म्सफेल्ट गांवीं उल्मर नांवाच्या प्रॉटेस्टंट पाळकाच्या घरीं ते राहिले. एक रोमन कॅथॉलिक, दुसरा प्रॉटेस्टंट. एक पूर्वेचा, दुसरा पश्चिमेचा. पण त्या घरांत त्यांस परकेपण जाणवलें नाहीं. बोहेमियांतील ब्लूमेनट्रिट नांवाच्या शिक्षकास फिलिपाइन भाषांची गोडी आहे असें ऐकून त्यांनीं त्याला टागालोग व स्पॅनिश भाषेंतील एक अंकगणिताचें पुस्तक पाठविलें, आणि त्यांतून जी मैत्री जडली ती मरणापर्यंत टिकली. पुतणे-भाच्यांसाठीं अँडरसनच्या गोष्टी व देशबांधवांसाठीं शिलरचें ‘विल्हेल्म टेल’ हें नाटक त्यांनीं टागालोग भाषेंत आणलें. परदेशांत जें चांगलें दिसलें तें घरीं पाठवावें, आणि घरचें जें चांगलें तें परदेशास दाखवावें, असा त्यांचा क्रम होता.

इ. स. १८८७ मध्यें बर्लिन येथें त्यांची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. छापण्यास पैसे नव्हते, पोटासहि पुरेसें नव्हतें. व्हिओला नांवाच्या मित्रानें ३०० पेसो दिले तेव्हां २,००० प्रति निघाल्या. हें नांव योहानाच्या शुभवर्तमानांतून घेतलेलें आहे. युरोपांत शिकून परत आलेला एक तरुण गांवांत शाळा बांधूं पाहतो, आणि त्या शाळेपायींच त्याचा सर्वनाश होतो, अशी ती कथा. १८९१ मध्यें बेल्जममधील घेंट येथें तिचा पुढचा भाग निघाला. त्यांत तोच नायक वेष पालटून सूडासाठीं परत येतो. परंतु त्याचा कट फसतो, आणि सूडासाठीं जमविलेलीं त्याचीं रत्नें अखेर एक वृद्ध धर्मगुरु समुद्रांत टाकून देतो. द्वेषाच्या पायावर राष्ट्राची इमारत उभी राहत नाहीं, हें त्या ग्रंथाचें तात्पर्य होय. हा ग्रंथ त्यांनीं त्या तिघां धर्मगुरूंच्या स्मृतीस अर्पण केला.

पहिली कादंबरी निघतांच ते मायदेशीं आले. लोक दुरून डोळे दाखविण्यास येत. कलांबाच्या कुळांस वाढत्या खंडाविषयीं सरकारास खरी हकीकत लिहून देण्याच्या कामीं त्यांनीं साह्य केलें. याचा परिणाम असा झाला कीं, त्यांस देश सोडावा लागला व पुढें अनेक कुळांस, त्यांच्या आप्तांसह, घरांबाहेर काढण्यांत आलें. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें बसून त्यांनीं १६०९ सालीं छापलेला आपल्या बेटांचा एक जुना इतिहास उतरून काढला व त्यावर टीपा लिहिल्या. स्पॅनिश राज्य येण्यापूर्वीं आपले पूर्वज रानटी नव्हते, हें त्यांस पुराव्यानिशीं दाखवावयाचें होतें.

याच मुक्कामांत त्यांनीं मालोलोस गांवच्या तरुण स्त्रियांस एक पत्र धाडलें. त्या वीस स्त्रियांनीं डिसेंबर १८८८ मध्यें, आम्हांस स्पॅनिश शिकण्यासाठीं रात्रीची शाळा काढूं द्या, असा अर्ज खुद्द गव्हर्नर-जनरलच्या हातीं दिला होता. पत्राची तारीख फेब्रुवारी १८८९ ची. पुढच्याच महिन्यांत आमच्या मुंबईस पंडिता रमाबाई यांनीं शारदासदन उघडलें, हा योगायोग वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. कृतज्ञता व नम्रता हे आपल्या लोकांचे मोठे गुण खरे. परंतु विचार न करितां मान लवविणें म्हणजे नम्रता नव्हे, आणि ज्या माता स्वतः विचार करीत नाहींत त्यांचीं मुलें गुलामच होणार, असा त्या पत्राचा आशय आहे. आमच्या पालकांनीं, विशेषतः मुलींच्या पालकांनीं, हा मुद्दा अवश्य मनन करावा.

हाँगकाँग येथें रिझाल यांचा नेत्रवैद्यकाचा धंदा उत्तम चालला होता. कुटुंबहि तेथें आलें होतें. तेथेंच राहिले असते तर सुखानें म्हातारे झाले असते. परंतु इ. स. १८९२ च्या जूनमध्यें ते मनिलास परतले. सनदशीर मार्गानें परस्परसाह्य व शिक्षण वाढविणारी एक संस्था त्यांनीं स्थापिली, आणि तीन दिवसांतच त्यांस पकडून मिंदानाओ बेटावरील दापितान या आडगांवीं हद्दपार करण्यांत आलें.

चार वर्षें ते तेथें होते, आणि आमच्या मतें त्यांची खरी थोरवी येथेंच दिसते. मोठ्या नगरांतून उचलून जंगलाच्या कडेला टाकलेला विद्वान मनुष्य कुढत बसला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता. लॉटरींत मिळालेल्या पैशांतून त्यांनीं समुद्रकांठीं जमीन घेतली, फळझाडें लाविलीं व दवाखाना उघडला. धनवान् रोग्यांनीं शक्तीप्रमाणें द्यावें, गरिबांस फुकट. गांवच्या मुलांसाठीं शाळा काढली. फी नाहीं, परंतु प्रत्येक मुलानें बागेंत व बांधकामांत हात लाविला पाहिजे असा नियम होता. ओढ्याचें पाणी गांवांत आणण्याची व रस्त्यांवर दिवे लावण्याची व्यवस्था केली; गांवच्या चौकांत मिंदानाओ बेटाचा उठावाचा नकाशा तयार केला. रानांतील किडे, सरडे व बेडूक जमवून ते जर्मनींतील शास्त्रज्ञांकडे पाठवीत. त्यांतील कांहीं प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांत आजहि रिझाल यांचें नांव आहे. अशा रीतीनें बंदीवान असतांहि त्यांचा एक हात दापितानच्या पोरांच्या खांद्यावर व दुसरा जगांतील विद्वानांच्या हातांत होता.

इकडे बोनिफासियो यांची गुप्त मंडळी उठावाची तयारी करीत होती. १८९६ च्या जूनमध्यें त्यांचा दूत दापितानला आला. पुरेशीं साधनें नसतां निरपराध लोकांचें रक्त सांडेल म्हणून रिझाल यांनीं संमति दिली नाहीं; पळून जाण्याची योजनाहि, आपण शब्द दिला आहे म्हणून, नाकारली. याविषयीं त्यांच्या देशांतहि मतभेद आहेत, व ते असणें स्वाभाविक आहे. क्यूबा बेटावर पीतज्वरानें सैनिक मरत होते. तेथें डॉक्टर म्हणून जाण्यास त्यांनीं स्वतः अर्ज केला होता, आणि तो मंजूर होऊन ते निघाले. तेवढ्यांत बंड पेटलें. वाटेंत सिंगापूर येथें एका सहप्रवाशानें जहाज सोडलें व त्यांसहि तेथेंच उतरण्याचा आग्रह केला. तेथें इंग्रजांचें राज्य होतें; स्पेनचा हात पोहोंचला नसता. परंतु निरपराध्यानें पळून अपराधी कां दिसावें? ते उतरले नाहींत. पुढें त्यांस पकडून मनिलास परत आणलें, आणि ता. २६ डिसेंबर रोजीं लष्करी न्यायसभेनें बंडाच्या आरोपाखालीं मरणाची शिक्षा सांगितली.

शेवटच्या भेटींत त्यांनीं बहीण त्रिनिदाद हिला आपली स्पिरिटची लहानशी शेगडी देवविली, आणि तिच्या आंत कांहीं आहे हें पहारेकऱ्यांस न कळावें म्हणून इंग्रजींत सांगितलें. आंत घडी केलेल्या कागदावर त्यांची अखेरची कविता होती. ता. ३० डिसेंबर १८९६ रोजीं सकाळीं त्यांस मैदानावर नेलें. लष्करी डॉक्टरनें नाडी पाहिली. ती नेहमीसारखीच चालत होती. राजद्रोही म्हणून पाठींत गोळ्या घालण्याचा हुकूम होता. गोळ्या लागतांच त्यांनीं अंग वळविलें व ते आकाशाकडे तोंड करून पडले. वय अवघें पस्तीस वर्षांचें.

त्यानंतर स्पेनचें राज्य गेलें, अमेरिकेचें आलें, आणि ता. ४ जुलै १९४६ रोजीं त्या बेटांस स्वातंत्र्य मिळालें. जेथें ते पडले तेथें आज त्यांच्या नांवाचें उद्यान आहे. त्यांचें चरित्र व त्यांचे ग्रंथ शाळा-कॉलेजांत शिकविलेच पाहिजेत, असा कायदा तेथें १९५६ पासून आहे. आज त्याच देशांतील लाखों स्त्रीपुरुष परिचारिका व खलाशी होऊन जगभर सेवा करितात, आणि कमाईचा वांटा घरीं पाठवितात.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांपैकींहि कांहीं शिकून दूर देशीं जातील, आणि आईबाप वाटेकडे डोळे लावून बसतील. जगाचा नागरिक होणें म्हणजे घर विसरणें नव्हे, हें रिझाल यांच्या उदाहरणावरून शिका. आईच्या डोळ्यांसाठीं जो मुलगा शिकावयास गेला, त्यानें परक्यांचेहि डोळे उघडले. ज्यानें भावाचें ऋण मानलें, त्यानें सर्व देशाचें ऋण फेडलें. आणि पालकांनो, मुलांस केवळ आज्ञा पाळावयास नव्हे, तर आज्ञा पारखावयासहि शिकवा. पतंगाची गोष्ट सांगतांना दिवाहि दाखवा. शेजाऱ्यावर प्रीति करणें याचा अर्थ आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास व मुलीस आपल्या गल्लीपासून पृथ्वीच्या टोंकापर्यंत समजावा, हीच आमची देवापाशीं प्रार्थना आहे.