शेखर मेहता : सफारीचा पाच वेळचा विजेता

आपल्या पार्किंगमध्ये संध्याकाळी मुलं जमली की गाड्यांच्याच गप्पा चालतात. कुठली गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते, हे सगळ्यांना तोंडपाठ. एकदा मी त्यांना विचारलं, शेखर मेहता हे नाव ऐकलंय का? एकानंही ऐकलं नव्हतं. स्मरणिकेसाठी काहीतरी द्या म्हणून चिटणीस मागे लागलेच होते. म्हटलं, चला, हेच लिहू.

१९८१ च्या अखेरीपासून जवळजवळ तीन वर्षं मी नोकरीनिमित्त नैरोबीत होतो. तिथे ईस्टर आला की चहाच्या टपरीपासून बँकेपर्यंत एकच विषय असायचा, सफारी रॅली. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त ही शर्यत सुरू झाली. सुरुवातीला ती केनिया, युगांडा आणि टांझानिया (तेव्हाचा टांगानिका) या तिन्ही देशांतून जायची. रेस म्हटलं की आपल्याला गोल ट्रॅक आठवतो, तसलं इथे काही नव्हतं. रस्ते नेहमीचेच आणि रहदारीसाठी उघडे. समोरून बस येणार, गुरं आडवी येणार, रात्री एखादा जिराफही. एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत ठरावीक वेळ दिलेला असे. जितकी मिनिटं उशीर तितका दंड, आणि ज्याचा दंड सर्वांत कमी तो विजेता. त्यात ईस्टर म्हणजे तिथल्या पावसाची सुरुवात. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी माती पावसात कशी होते ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. कोरडी असताना धूळ आणि भिजली की चाकाला घट्ट चिकटणारा गोळा.

शेखर मेहतांचा जन्म १९४५ चा, युगांडातला. घराणं मूळचं भारतीय, मळ्यांच्या मालकीचं, खाऊनपिऊन सुखी. एकविसाव्या वर्षी त्यांनी बीएमडब्ल्यू घेऊन रॅलीत उतरायला सुरुवात केली. श्रीमंताघरच्या पोराचा शौक म्हणून कुणी सोडून दिलं असतं, पण १९७१ च्या सफारीत हा पोरगा थेट दुसरा आला. पहिले आले एडगर हरमान, आणि दोघांकडे गाडी एकच होती, डॅटसन २४० झेड.

या गाडीबद्दल थोडं सांगायलाच हवं. दोन दारांची, दोघांपुरती स्पोर्ट्स कार. लांबलचक बॉनेट, त्याखाली सहा सिलिंडरचं २.४ लिटरचं इंजिन, आणि जोर मागच्या चाकांवर. शोरूममध्ये पाहिली तर वाटावं, ही समुद्रकिनाऱ्यावर फिरवायची गाडी, खड्ड्यांत घालायची नव्हे. सफारीसाठी मात्र तिला पुढे लोखंडी गार्ड, जादा दिवे, खालून मजबुती असं सगळं चढवलेलं असे. लाल अंग आणि काळं बॉनेट, असा तिचा तो प्रसिद्ध रंग.

आणि मग १९७२ साल आलं. ऑगस्टमध्ये इदी अमीननं फर्मान काढलं, आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत युगांडा सोडायचा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली हजारो कुटुंबं घरं, दुकानं, मळे आहेत तसे टाकून निघाली. मेहता कुटुंबालाही देश सोडावा लागला. ते केनियात आले. आपण इथे पंचवीस वर्षांपूर्वी ताब्याच्या किल्ल्या घेतल्या तो दिवस आपल्यापैकी प्रत्येकाला आठवतो. कर्जाचे हप्ते भरत, पै पै जोडत घेतलेलं घर. त्याला बाहेरून कुलूप घालून, परत यायचं नाही हे माहीत असताना निघायचं, याची नुसती कल्पना करून बघा.

त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १९७३ मध्ये, शेखर मेहता पुन्हा सफारीत उभे होते. गाडी २४० झेड, शेजारी सहचालक लॉफ्टी ड्र्यूज. जागतिक रॅली अजिंक्यपद त्याच वर्षी सुरू झालं होतं आणि सफारी त्यातली एक फेरी होती. पाच हजारांहून जास्त किलोमीटर, दिवस-रात्र. शेवटी हिशेब झाला तेव्हा मेहता आणि स्वीडनचे हॅरी शेलस्ट्रॉम यांचे दंडगुण अगदी समसमान निघाले! शेलस्ट्रॉमसुद्धा डॅटसनमध्येच होते, पण दुसऱ्या मॉडेलच्या. मग बरोबरी सोडवण्याचा नियम लावला गेला आणि विजय मेहतांना मिळाला. एवढ्या मोठ्या वाटेवर एक टायर बदलायला मिनिटभर जास्त लागलं असतं, तर नाव दुसऱ्याचं लागलं असतं.

घर गेलं, मळा गेला. पण चिखलात गाडी कुठे सोडायची आणि कुठे आवरायची, नदीला पाणी किती असेल, ही जाण कुठलंही फर्मान काढून काढून घेता येत नाही. मला वाटतं, त्या विजयाचा अर्थ हाच.

पुढची काही वर्षं तशी कोरडी गेली. इतर कंपन्यांच्या गाड्याही त्यांनी चालवून पाहिल्या. मग १९७९ साली ते डॅटसन १६० जे ही साधी, चौकोनी दिसणारी फॅमिली कार घेऊन जिंकले. सहचालक होते माइक डॉटी. नंतर १९८०, १९८१ आणि १९८२. सलग चार! फिनलंडचे राउनो आल्टोनेन हे केवढे नावाजलेले ड्रायव्हर, पण १९८० आणि १९८१ मध्ये दोन्ही वेळा ते मेहतांच्या मागे दुसरे राहिले आणि सफारी त्यांना आयुष्यात कधीच जिंकता आली नाही. १९८१ साली मेहता अर्जेंटिनाच्या रॅलीतही दुसरे आले. म्हणजे घरच्या अंगणातलाच वाघ, असं कुणी म्हणायची सोय उरली नाही.

१९८२ ची सफारी मी पाहिली. ऑफिसमधल्या दोघांबरोबर नैरोबीबाहेर रस्त्याच्या कडेला पहाटेपासून छत्री धरून उभा होतो. गाड्या आल्या त्या आधी आवाजानं कळल्या. काही अंगावर येतील अशा सुसाट गेल्या. मेहतांची गाडी आली तेव्हा गर्दीत एकच गलका झाला. चिखलानं तिचा मूळ रंगसुद्धा दिसत नव्हता. पण मला आठवतं ते वेगळंच. पुढच्या खड्ड्याआधी त्यांनी गाडी हळू केली, खड्डा अलगद ओलांडला आणि मगच पुन्हा जोर दिला. माझ्या शेजारचे एक म्हातारे शीख मेकॅनिक तेवढ्यावर मान डोलावत राहिले. त्या वर्षी दुसरे आले वॉल्टर रोल, जे त्याच मोसमाचे जगज्जेते ठरले.

मेहतांच्या पत्नी इव्होन यासुद्धा काही रॅलींत त्यांच्या सहचालक होत्या. १९८७ साली इजिप्तमधल्या वाळवंटी रॅलीत मोठा अपघात झाला आणि त्यांचं स्टिअरिंग सुटलं ते कायमचंच. तरी खेळ सोडला नाही. पुढे आंतरराष्ट्रीय मोटर संघटनेत रॅलींची जबाबदारी त्यांनी सांभाळली. एप्रिल २००६ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. सफारी गाजवणाऱ्या त्या लाल २४० झेड आज जपानमध्ये निस्सानच्या संग्रहात जपून ठेवल्या आहेत.

पार्किंगमधल्या मुलांना हे सगळं सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, काका, टॉप स्पीड किती होता? मी म्हटलं, अरे, तिथे निम्म्याहून जास्त गाड्या वाटेतच बंद पडायच्या. शेवटच्या नाक्यापर्यंत गाडी धड नेणं, हीच खरी परीक्षा. पोरं थोडी हिरमुसली. पण त्यातला एक जण दुसऱ्या दिवशी येऊन विचारून गेला, त्यांचं युगांडातलं घर त्यांना परत मिळालं का हो?

आकड्यांत रमणाऱ्या पोराला घराचं सुचलं, मला तेवढं पुरे.

– एक सभासद, बी विंग