देवीच्या साथीतले संत जोसेफ वाझ



आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांतली माणसे एमआयडीसीत पाळीने कामाला जातात. दर आठवड्याला पाळी बदलते, झोपेची वेळ बदलते आणि घरची संध्याकाळची जपमाळ सुटते. प्रार्थना करायची तरी कधी, असे ही मंडळी आम्हांला विचारतात. दुसरा प्रश्न याहून जड असतो. घरात कोणीतरी अंथरुणावर आहे, नोव्हेना झाल्या, नवस झाले, आरोग्यप्रार्थनेच्या मेळाव्यांना जाऊन आले, तरी उतार नाही. मग देव ऐकत नाही का? या दोन्ही प्रश्नांसाठी प्रवचन करण्यापेक्षा एका धर्मगुरूचे चरित्र सांगावे असे आम्हांला वाटले. हे धर्मगुरू परदेशातले नव्हेत, आपल्या शेजारच्या गोव्याचे आहेत.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आईच्या गावी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. शिक्षण जुन्या गोव्यात येशूसंघीयांच्या सेंट पॉल महाविद्यालयात आणि पुढे डॉमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्वायनस अकादमीत झाले. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्या वर्षी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी वाहून घेतले. काही वर्षे कानडा प्रांतात सेवा केल्यावर १६८५ साली ते गोव्यातल्याच देशी धर्मगुरूंच्या एका छोट्या समूहात सामील झाले. हा समूह पुढे संत फिलीप नेरी यांच्या ओरेटरीच्या नियमाने चालू लागला. त्या पोर्तुगीज अमलात आपल्या रंगाच्या धर्मगुरूंना संन्यस्त संघांची दारे बहुधा बंदच असत. ही गोष्ट आपण विसरू नये.

त्या वेळी सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, किनारा डच लोकांच्या ताब्यात होता. त्यांनी १६५८ पर्यंत पोर्तुगीजांना तिथून हुसकावून लावले होते आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. वर्षानुवर्षे तिथल्या भाविकांना ना मिस्सा, ना पापनिवेदन. जोसेफ वाझ यांना हे सहन झाले नाही. १६८७ साली ते मजुराच्या वेषात, अनवाणी, एका सोबत्यासह जाफन्याला उतरले. उतरले ते आजारी होऊनच. अतिसाराने ते अगदी गळून गेले होते आणि रस्त्याच्या कडेला भीक मागून दिवस काढत होते. तिथल्या गोरगरिबांनीच त्यांना पेज पाजून जगवले. पुढे ज्याने हजारोंची शुश्रूषा केली, तो या बेटावर प्रथम रोगी म्हणून आला होता. आम्हांला त्यांच्या चरित्रातला हा भाग फार मोलाचा वाटतो. भिक्षा मागताना ते जपमाळ गळ्यात घालत. ती पाहून कोणाचे डोळे चमकतात, यावरून लपलेले कॅथलिक कोणते हे त्यांना ओळखू येई.

पाळत वाढली तेव्हा ते पुत्तलमला गेले आणि तेथून १६९२ साली डोंगरातल्या कँडी राज्यात पोहोचले. तिथे बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य राज्य करीत होता. हा माणूस पोर्तुगीजांचा हेर आहे असे कोणी कान भरल्यामुळे राजाने त्यांना कैदेत टाकले. कैदेत ते सिंहली भाषा शिकले, आणि पहारा सैल झाल्यावर तिथेच त्यांनी साधी वेदी उभी केली. ना घंटा, ना चर्च, ना ठरलेली वेळ. किनाऱ्यावर असताना रात्री मिस्सा, दिवसा लपणे, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी चालताना ओठांवर प्रार्थना, असे त्यांचे दिवस गेले होते. पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना अखंड प्रार्थनेचा सल्ला दिला, तो पाळायला मठाची शांतता लागत नाही, हे इथे दिसते. बॉयलरवर उभा असलेला माणूस जपमाळेचे मणी मोजू शकणार नाही, मोजूही नयेत, कारण तिथे लक्ष कामावरच हवे. पण आनंदनगरच्या गेटपासून रिक्षा मिळेपर्यंतचा वेळ कोणाचा आहे? रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीतली दोन मिनिटे कोणाची आहेत?

१६९६ साली कँडीत मोठा दुष्काळ पडला. राजाने प्रथम बौद्ध भिक्खूंना आणि नंतर वाझ यांनाही पावसासाठी प्रार्थना करायला सांगितले. त्यांनी राजवाड्यापुढच्या चौकात वेदी मांडली, क्रूस ठेवला आणि गुडघे टेकले. पाऊस कोसळला, पण वेदी आणि ते स्वतः कोरडे राहिले, अशी परंपरा आहे. त्यांचे चित्र काढायचे तर चित्रकार हाच प्रसंग निवडतात. आम्हांला मात्र पुढच्या वर्षीची हकीकत अधिक मोठी वाटते.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. त्या काळी देवीवर औषध नव्हते. जेन्नर यांची लस निघायला अजून ९९ वर्षे होती, आणि जगातून देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा व्हायला १९८० साल उजाडावे लागले. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. अंगावर फोड दिसताच घरचे लोकही रोग्याला रानात नेऊन टाकीत. जोसेफ वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मात्र तिथे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, अन्नपाणी नेले, पू आणि घाण धुतली, मेलेल्यांना माती दिली. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, हे विचारले नाही.

२०२० साली करोनाच्या दिवसांत आपण दारात डबा ठेवून मागे सरकत होतो. ते तेव्हा योग्यच होते, डॉक्टरांनी तसेच सांगितले होते. तरीही अंगावरच्या पोशाखाने घामाघूम होऊन आपल्या माणसाला कूस बदलवणारी ती अनोळखी नर्स आठवा. कँडीतल्या त्या झोपड्यांत काय चालले असेल, याची थोडी कल्पना येईल.

पाऊस मागणाऱ्या त्या माणसाने देवी एका शब्दाने बरी का केली नाही? जिथे चमत्कार सहज जोडता आला असता, तिथे चरित्रांत मुख्यतः आढळते ते पाणी, पेज आणि कापडाच्या चिंध्या. सेमिनरीत आम्ही संत थॉमस यांचे तत्त्वज्ञान शिकलो, त्यात एक साधी गोष्ट होती. देव पहिले कारण आहे, पण तो दुसऱ्या कारणांना दूर सारून काम करीत नाही, त्यांच्याकरवी करतो. डॉक्टर, गोळी, उशाशी जागणारी सून ही ती दुसरी कारणे. म्हणून कुठल्याशा मेळाव्यात बरे झाल्याचे सांगितले गेले आणि घरी येऊन साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या, असे कानावर आले की आम्ही अस्वस्थ होतो. ही श्रद्धा नव्हे. देव ज्या हाताने देतो तोच हात झिडकारणे आहे. आणि ज्यांच्या घरचा रोगी सर्व प्रार्थना होऊनही गेला, त्यांना आम्ही एवढेच सांगू की कँडीतल्या झोपड्यांतही खूप जण गेले, पण ते रानात एकटे पडून गेले नाहीत. त्यांच्या डोक्याखाली कोणाचा तरी हात होता.

साथ ओसरल्यावर राजाने त्यांना धर्मकार्याची अधिक मोकळीक दिली. १७०५ साली दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस मदतीला आले आणि त्यांनी सिंहली व तामिळ भाषांत ख्रिस्ती वाङ्मय लिहिले. जोसेफ वाझ गोव्याला परत कधीच गेले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, कँडीतच त्यांनी देह ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात समुद्रकिनाऱ्यावरच्या मैदानात त्यांना संतपद दिले. त्यासाठी दुसऱ्या चमत्काराची अट पोप महाशयांनी शिथिल केली होती. सांकवाळला दर जानेवारीत त्यांचा सण भरतो, गोव्याला जाणाऱ्यांनी जरूर जावे.

येत्या पहिल्या शुक्रवारी आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन रुग्णांच्या घरी जाऊ. ज्यांच्या घरी कोणी आजारी किंवा वृद्ध आहे, त्यांनी नाव व पत्ता कार्यालयात द्यावा. रुग्ण दुसऱ्या धर्माचे शेजारी असले आणि भेट हवी असली, तरीही कळवावे. रात्रपाळीहून सुटलेले दोघे-तिघे सकाळी आमच्याबरोबर चालायला आले तर बरे होईल. चाळींचे जिने उंच आहेत आणि काही ठिकाणी रुग्णाला उचलून बसवावे लागते.