भास्कराचार्यांचे आठ झरोके

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची उंच भिंत उभी आहे. जुन्नरकडून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचे लेणे आहे. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापणे दान दिली, हे तेथे अंकांत कोरलेले आहे. जे समोर आहे ते मोजण्याची ती रीत. परंतु जे केवळ घडू शकते, तेही मोजता येईल काय? सुमारे बाराशे वर्षांनंतर याच सह्याद्रीच्या आश्रयास राहणाऱ्या एका पंडितांनी हे मोजणे सर्वांना सुगम करून दिले. ते म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला, गाव विज्जडवीड. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचा गणिताचा भाग. लीलावती ही त्यांची कन्या होती, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा मात्र नाही.

लीलावतीत एक मौजेचे उदाहरण आहे. राजवाड्याला आठ झरोके आहेत. त्यांपैकी एक, दोन, तीन असे उघडे ठेवण्याचे प्रकार किती? एक उघडा ठेवण्याचे प्रकार ८. दोन उघडे ठेवायचे तर आठास साताने गुणून दोहोंनी भागावे, २८ येतात. असे करीत गेले की एकूण २५५ प्रकार होतात. ताळा पाहणेही सोपे आहे. प्रत्येक झरोका उघडा किंवा बंद. म्हणून दोनची आठ वेळा गुणणी केली की २५६, आणि सगळे बंद असण्याचा एक प्रकार वजा केला की २५५! छंदातील लघुगुरूंची गणतीही अशीच होते. ती विद्या भास्कराचार्यांच्या पूर्वीपासूनची. त्यांनी तिला वाड्यात आणून बसविले.

आता लीलावतीत नसलेली एक अट घालू. झरोके एका ओळीत असून शेजारचे दोन एकदम उघडे नसावेत. सगळे बंद असले तरी चालेल. एका झरोक्याचे प्रकार २, दोहोंचे ३. तिसरा बंद असेल तर पहिल्या दोहोंचे ते ३, तो उघडा असेल तर दुसरा बंदच हवा, म्हणून पहिल्याचे २, मिळून ५. पुढे ८, १३, २१, ३४ आणि आठ झरोक्यांचे ५५. प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज! गुजरातेत त्याच काळी होऊन गेलेल्या हेमचंद्रांनी मात्रावृत्ते मोजताना हाच नियम सांगितला होता. झरोके वर-खाली अनेक ओळींत असले व वरचे-खालचे शेजारीही सांभाळावे लागले, तर मात्र प्रश्न फार बिकट होतो. त्यासाठी सोपे सूत्र आजही सापडलेले नाही.

इ. स. ११८३ च्या सुमारास, उतारवयात, आचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. ग्रंथ झाले, पण शिकविणारा नसेल तर ते कोण वाचणार? मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी पंडित झाला. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. इ. स. १२०७ मधील तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाला काय काय द्यावे हे त्यात सांगितले आहे, आणि त्यात प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेलही आहे.